रविवारी अंगणात कोण होतं?

१

सोमवारी सकाळी उमैमाने आपला लॅपटॉप उघडला आणि अशी किंकाळी फोडली, की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी चहाचा ग्लास हातात घेऊनच जिना चढून वर आला.

"कोणी मारलं? माझं गणित कोणी मारलं?"

रौधा त्रीगी, पोरांची 'लल्ला', म्हणजे बाई, लगेच उठली नाही. ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या त्या समुद्र-संशोधन संस्थेत यंत्रं सांभाळता सांभाळता तिचे केस पिकले होते, आणि पोरं किंचाळतात तेव्हा बहुतेक वेळा कुठली तरी वायर निघालेली असते, हे तिला पाठ होतं. मग ती सावकाश उमैमाच्या मागे येऊन उभी राहिली, पडद्यावर नजर टाकली आणि खिडक्या मोजल्या. चार खिडक्या असायला हव्या होत्या. तीनच होत्या.

तळघरातल्या मोठ्या सर्व्हरवर एक टर्मिनल कायमचं उघडं असायचं. सगळे त्याला 'अंगण' म्हणायचे. काळा पडदा, त्यावर नुसत्या कमांड टाइप करायच्या, चित्रबित्र काही नाही. अंगणाला चार खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एकेक काम. कुठूनही यावं, आत शिरावं, काम लावून द्यावं आणि खुशाल निघून जावं. माणूस गेला तरी काम थांबत नाही. दोघं-तिघं एकदम आत असले तर सगळ्यांना एकच खिडकी दिसते आणि एकाने दाबलेलं बटण सगळ्यांनाच भोवतं. पथ्य एकच होतं: जाताना निरोप घ्यायचा, खिडकी बंद करायची नाही. निरोपाची बटणं ठरलेली होती. ती दाबली की माणूस बाहेर आणि काम आत. खिडकीच बंद केली तर काम मेलं.

हे अंगण आणि हे पथ्य, दोन्ही सी, म्हणजे श्रीयुत, शेदली कम्मूनांचं. रौधाला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते समोरच्या केरकेन्ना बेटावर आपल्या गावी गेले, ते गेलेच.

"आपोआप बंद पडलं असेल पोरी," पहारेकरी म्हणाला.

"आपोआप पडलं तर खिडकी राहते हो काका!" उमैमा रडकुंडीला आली होती. गाबेसच्या आखातातल्या भरती-ओहोटीचं ते गणित रमजानच्या आधीपासून चालू होतं आणि तिचा सगळा प्रबंध त्याच्यावर अडकला होता.

खिडकीत जे काही उमटतं त्याची प्रत सर्व्हर आपल्याकडे ठेवून घेतो. रौधाने तिचा शेवट तेवढा काढून पाहिला. रविवारी दुपारी कोणीतरी हाताने गणित तोडलं होतं आणि मग खिडकी बंद झाली होती.

रविवारी संस्थेला सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशीही इथे येऊन बसणारा माणूस एकच होता, हे पहारेकऱ्याला विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

"हिसेन," उमैमा म्हणाली.

२

संचालक सी लस्साद फुराती अंगणात कधी पाऊल टाकत नसत. काळा पडदा दिसला की त्यांना चष्मा पुसावासा वाटे. माणसं ओळखण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा स्वतःवर गाढ विश्वास होता.

"यात तपास कसला करायचा, लल्ला रौधा? मशीन एक, कामं दोन. उमैमाच्या गणिताने सगळी ताकद खाल्ली, त्यापायी हिसेनचं काम रखडलं. कॉफीच्या यंत्रापाशी तो सगळ्यांदेखत काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"'हे गणित एकदाचं मरत का नाही,' म्हणाला. मीही म्हणते तसं. रोज म्हणते."

"पण तुम्ही रविवारी इथे नव्हता."

नव्हती खरी, पण असती तर बरं झालं असतं असं तिला वाटून गेलं. आई गेल्यापासून रविवार तिला खायला उठायचा. कालचा अख्खा दिवस तिने स्वच्छ पडदे काढून पुन्हा धुण्यात घालवला होता.

"बुधवारी समिती बसतेय," सी लस्साद म्हणाले. "त्याचं नाव पटावरून कमी करा, असं मी सुचवणार आहे."

नाव कमी करणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. हिसेन चाड देशातला, अबेशे शहराचा. संस्थेतलं नाव गेलं की देशात राहायचा परवाना गेला आणि इतक्या वर्षांचं शिक्षण पाण्यात. वडील वारले तेव्हासुद्धा तो घरी गेला नव्हता. गेलो आणि परत येऊ दिलं नाही तर, या धास्तीने पोरगा वसतिगृहाच्या खोलीत एकटाच बसून राहिला होता. रौधा तेव्हा डबा घेऊन गेली होती. त्याने दार उघडलं, डबा घेतला, आभार मानले आणि दार लावून घेतलं होतं.

"मला बुधवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"कशाला? त्याच्याशिवाय इमारतीत दुसरं होतं तरी कोण?"

"इमारतीत कोणी नव्हतं, सी लस्साद. पण अंगणात यायला इमारत कुठे लागते?"

३

हिसेन गच्चीच्या जिन्यावर बसला होता. चहाची किटली शेजारी होती आणि ग्लास रिकामाच. रौधा त्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"मला ओत की."

त्याने ओतला. "बॅग भरायला घेऊ का, लल्ला? तेवढं सांगा. उगाच आशा नको."

"आधी रविवारचं सांग. काही गाळू नकोस."

"उमैमा म्हणाली होती, जरा गणितावर लक्ष ठेव. म्हणून तिची खिडकी उघडून ठेवली. आकडे मस्त सरकत होते. मग असरची, तिसऱ्या प्रहराची नमाज पढायला गेलो, येताना हा चहा केला. आलो तर पडदा आक्रसलेला."

"आक्रसलेला म्हणजे?"

"सगळी अक्षरं वरच्या कोपऱ्यात गोळा झाली होती, एवढ्याशा जागेत. बाकी पडदाभर नुसते ठिपके. मला वाटलं, लॅपटॉपच गेला माझा. मी बघतोय तोवर खिडकी नाहीशी. मग थोड्या वेळाने ठिपके गेले, पडदा पुन्हा मोठा झाला. मी घाबरलो. झाकण मिटलं आणि वसतिगृहावर गेलो."

"निरोप न घेता?"

"मी कधी घेतलाय निरोप?" तो पहिल्यांदाच जरा हसला. "तुम्हीच ओरडता ना रोज. ती बटणं माझ्या लक्षातच राहत नाहीत. झाकण मिटलं की झालं, काम तर आत चालूच राहतं. आमच्या वसतिगृहात कोण कोणाला सांगून जातंय?"

"हे सी लस्सादना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, ठिपक्यांच्या गोष्टी आजीला सांग."

रौधाचा ग्लास ओठांपाशी थांबला होता. ठिपके म्हणजे काय हे तिला पुरतं ठाऊक होतं. अंगणात दोन माणसं असली की अंगण त्यातल्या लहान पडद्याच्या मापाचं होतं, म्हणजे दोघांना सगळं सारखंच दिसावं. मोठा पडदा असणाऱ्याला उरलेल्या जागेत ठिपके दिसतात. आणि 'एवढ्याशा जागेत' बसणारं अंगण म्हणजे कोणाच्या तरी हातातला फोन.

दुसरी गोष्ट तिने हिसेनला सांगितली नाही. ते ठिपके तिनेही पाहिले होते. एकदा नाही, कैक दुपारी. ती एकटीच बसून काम करत असायची आणि पडदा हळूच आक्रसायचा. कोण आहे, हे एका कमांडने कळलं असतं. तिने कधी विचारलंच नाही. उमैमा असेल बसमध्ये, म्हणून सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. कोणीतरी शेजारी येऊन बसलंय असं वाटायचं, आणि विचारलं तर तो उठून जाईल अशी भीती वाटायची.

"आता बॅग भरू नकोस," ती उठत म्हणाली. "आणि चहात साखर कमी घाल. दात पडतील."

४

"हो, आहे माझ्या फोनवर अंगण. मग?" उमैमाने कंबरेवर हात ठेवले. "माझं मूल मीच मारीन का?"

"मी कुठे तसं म्हणतेय? रविवारी फोन कुठे होता?"

"मावसबहिणीच्या मेंदीत, आईच्या पर्समध्ये. माझ्या दोन्ही हातांवर मेंदी होती. हे बघा!" तिने तळवे पुढे केले. रंग अजून गडद होता. "नाक खाजवायलासुद्धा बहिणीला बोलवावं लागत होतं, आणि तुम्ही म्हणताय फोन. त्या हिसेनला सोडून तुम्ही माझ्याच मागे का लागलाय?"

"तो म्हणतो, तूच त्याला खिडकी उघडायला सांगितलं होतंस."

उमैमाने हात खाली घेतले. "सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला सांगणार? रविवारी इथे तोच असतो."

रौधा आपल्या टेबलाशी परतली आणि सर्व्हरने ठेवलेली प्रत या वेळी नीट, अक्षर न् अक्षर वाचू लागली. सकाळी तिने शेवटच तेवढा पाहिला होता. शेवटाच्या वर, सरकत्या आकड्यांच्या मध्ये, परक्या बोटांच्या खुणा अडकल्या होत्या. कंट्रोल-ए, मग डी. पुन्हा कंट्रोल-ए, मग डी. तिसऱ्यांदा कंट्रोल-ए, आणि डीच्या जागी कंट्रोल-सी. हे कंट्रोल-सी म्हणजेच घाव. चालू काम त्याने जागच्या जागी तुटतं. त्यानंतर एकदाच कंट्रोल-डी, म्हणजे काम नसलेली खिडकी मिटायची खूण, आणि खिडकी बंद.

ती खुर्चीत मागे टेकली. कंट्रोल-ए, डी. ही तर निरोपाची बटणं. गेल्या गुरुवारपर्यंतची.

गुरुवारी तिनेच ती बदलली होती. कंट्रोल-ए दाबलं की दुसरीकडे सगळीकडे ओळीच्या सुरुवातीला जाता येतं आणि अंगणात तेवढं भलतंच होतं, म्हणून उमैमाने तिचं डोकं खाल्लं होतं. शेवटी रौधाने ए काढून बी ठेवलं, दारावर मोठ्या अक्षरांत कागद डकवला आणि विषय संपवला. उमैमा तर तेव्हापासून बी-बी करत नाचत होती.

मग हा कोण? गणित मारायला आलेला माणूस आला, मारलं आणि गेला, असं करतो. हा आधी निरोप घ्यायला बघत होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. फोनच्या कीबोर्डवर डीच्या खालीच सी असतं. कंट्रोल अडकून राहिलं, बोट घसरलं आणि घात झाला. तरी बिचारा पुन्हा निरोपाचंच डी दाबायला गेला आणि त्यातच खिडकी मिटली. निरोप घेणारा म्हणजे हिसेन नव्हे. जुनी बटणं दाबणारी उमैमा नव्हे. सी लस्सादना तर नवी ठाऊक नाहीत आणि जुनीही नाहीत. हा माणूस गुरुवारनंतर या दारात आलेला नाही, नाहीतर त्याने कागद वाचला असता. पण अंगणाचा पासवर्ड त्याला ठाऊक आहे. तो पासवर्ड ज्याने ठेवला त्याच्यानंतर कोणी बदललेलाच नव्हता.

पडदा आक्रसला होता त्या सगळ्या दुपारी एकदम तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली.

"काय झालं?" उमैमाने विचारलं.

"काही नाही. उद्या मी सुट्टीवर आहे. बेटावर जातेय."

५

बेटावरच्या रमला गावाच्या पुढे, जिथे खजुरीची झाडं विरळ होत जातात, तिथे सी शेदलींचं घर होतं. भिंतीवर वाळत घातलेले ऑक्टोपस वाऱ्याने हलत होते. ते शेजाऱ्यांचे होते. सी शेदलींनी मासेमारी केव्हाच सोडली होती.

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. रौधाला पाहून त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच पडला.

"कळलं तर," ते म्हणाले. "ये, आत ये पोरी. बस. मला वाटलंच होतं, शोधलंस तर तूच शोधशील."

खोलीत एक खाट, एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता. त्यांनी घाईघाईने तो उचलून खाटेवर टाकला, आणि त्या खुर्चीवर किती दिवसांत कोणी बसलं नाही ते रौधाला कळलं.

"का येत होता?" तिने विचारलं. "फोन का नाही केलात सरळ?"

"फोन करून काय बोलणार? तब्येत बरी, हवा बरी. मग दोघंही गप्प. तुम्ही कामात असता." ते बोटातल्या लग्नाच्या अंगठीकडे बघत होते. "जमीला गेली तेव्हापासून या घरात आवाज नाही, रौधा. रेडिओ लावला तर तो माझ्याशी बोलत नाही. अंगणात तुम्ही टाइप करता ते अक्षर न् अक्षर उमटताना दिसतं. तू चुकतेस, खोडतेस, पुन्हा लिहितेस. हा नवा मुलगा काहीही करतो, मग धावत तुला विचारतो, ते दिसतं. मी कशालाही हात लावत नसे. नुसता बसत असे. जेवतानासुद्धा समोर ठेवत असे."

रौधाने खुर्ची जवळ ओढली.

"रविवारी गणित चालू होतं. आमच्याच किनाऱ्याचे भरतीचे आकडे. बघत बसलो होतो आणि दार वाजलं. शेजारची सून होती, जवाचं सूप घेऊन आली होती. महिनाभरात कोणी दार वाजवलं नव्हतं बघ. मी धांदलीत उठलो. पाहुण्याला दारात उभं ठेवून फोनमध्ये डोकं घालू नये म्हणून निरोप घ्यायला गेलो, तर निरोप लागेना. चष्मा कुठे, बटण कुठे. ती मात्र बाहेरून हाका मारतेय. मग काय दाबलं आणि काय नाही."

"मी बटणं बदलली होती. गुरुवारी."

"मला कोण सांगणार? मी तिथे नव्हतोच ना." ते हे शांतपणे म्हणाले, तक्रार म्हणून नव्हे. "ती गेल्यावर चष्मा लावून पाहिलं तर तीनच खिडक्या. तेव्हापासून फोनला हात लावला नाही. सांगायचं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत बसलो. कळलं की तुम्ही दार बंद करणार, हे दिसत होतं."

"सी शेदली, त्या मुलावर आळ आलाय. हिसेनवर. उद्या समिती त्याचं नाव काढणार. त्याला देश सोडावा लागेल."

म्हातारा उठला. खाटेखाली वाकून त्याने बूट ओढून काढले. रौधा मदतीला पुढे झाली, तर त्याने तिला बाजूला सारलं.

"परतीची बोट चुकायला नको," ते म्हणाले. "बूट मला घालता येतात."

६

बुधवारी समिती बसायच्या आधीच सगळे सी लस्सादांच्या खोलीत जमले. सी शेदली उभेच राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. रविवारची हकिकत त्यांनी अथपासून इतिपर्यंत सांगितली. सूप, चष्मा, काहीही सोडलं नाही. फक्त का येत होतो, ते सांगितलं नाही. "सवय," एवढंच म्हणाले.

सी लस्साद बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तुम्ही माझे शिक्षक आहात," ते शेवटी म्हणाले. "त्यामुळे मी काय बोलू? पासवर्ड बदलायचं काम कोणाचं होतं?"

"माझं," रौधा म्हणाली.

"मग आता बदला. इथे, माझ्यासमोर. त्या मुलाचं नाव राहील. उमैमाला प्रबंधासाठी मुदत वाढवून देऊ. आणि हिसेन..." त्यांनी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली.

हिसेन इतका वेळ दारापाशी उभा होता. उमैमा त्याच्याशेजारी सरकली.

"सोमवारी मी जरा ओरडले," ती पुटपुटली.

"जरा? पहारेकऱ्याचा चहा सांडला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मग तो सी शेदलींकडे वळला. "तुम्ही आला नसता तरी चाललं असतं तुम्हाला. कोणाला कळलं नसतं."

"तू निरोप घेत नाहीस," म्हातारा म्हणाला. "बघितलंय मी. घेत जा."

रौधाने लॅपटॉप टेबलावर उघडला. काळा पडदा आला, कमांड टाइप झाली आणि पडद्याने नवा पासवर्ड मागितला. तिची बोटं बटणांवर थांबली.

"दार सताड उघडं ठेवू नकोस, पोरी," सी शेदली मऊ आवाजात म्हणाले. "परक्यापाशी पासवर्ड राहू देणं बरं नाही. इतके दिवस ठेवलास तेच चुकलं."

आणि त्यांनी पाठ फिरवली. दुसरा माणूस पासवर्ड टाइप करत असताना त्याच्या बोटांकडे बघायचं नाही, हे त्यांनीच या संस्थेत प्रत्येकाला शिकवलं होतं. खोलीत ते बघतील अशी शंका कोणालाच आली नव्हती, तरीही ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या शाळकरी मुलासारखे. कोटाची मागची शिवण उसवलेली होती.

रौधाने टाइप केलं. पडद्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा टाइप केलं.

"झालं का?" त्यांनी भिंतीकडेच बघत विचारलं.

झालं होतं. पण ते तिच्या तोंडून निघेना, आणि सांगितल्याशिवाय ते वळणार नव्हते.